साक्ष द्यायची म्हणजे नक्की काय करायचं?

नाताळात आमच्याकडून शेजारी फराळाचं ताट जातं. करंज्या, चिरोटे, शंकरपाळ्या, केकचे दोन तुकडे. दिवाळीत त्यांच्याकडून येतं तसंच. ताट रिकामं परत द्यायचं नाही, म्हणून शेजारच्या काकूंनी त्यात साखरेची वाटी ठेवून ते परत आणलं आणि दारातच विचारलं, "का ओ, परवा तुमच्याकडं माणसं जमली हुती. एक बाई उभ्या राहून म्हणाल्या, ‘मी साक्ष देते.’ खिडकीतनं ऐकू आलं. कसली केस चाललीय?"

मी हसलो. "केस नाही काकू, आमच्यात म्हणतात तसं," एवढं बोलून गप्प बसलो. काकूंचं त्यानं समाधान झालं नाही आणि खरं सांगायचं तर माझंही नाही. जन्मापासून मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये आहे, ‘साक्ष’, ‘कबुली’, ‘सेवा’ हे शब्द रोज कानावर पडतात. पण बाहेरच्या माणसाला दोन वाक्यांत सांगता येईना. तेव्हा हा लेख म्हणजे त्या साखरेच्या वाटीची परतफेड समजा.

काकूंचा अंदाज तसा चुकलेला नव्हता. शब्द कोर्टातलाच आहे. २०२५ च्या ऑगस्टमध्ये कोल्हापुरात उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झाल्यापासून आमच्या गल्लीतल्या चहाच्या टपरीवरसुद्धा कायद्याची भाषा चालते, त्यामुळे तिथूनच सुरुवात करतो. कोर्टात वकिलाचं काम वेगळं आणि साक्षीदाराचं वेगळं. वकिलानं युक्तिवाद करायचा, समोरच्याला खोडून काढायचं, केस जिंकायची. साक्षीदारानं यातलं काहीच करायचं नसतं. स्वतः पाहिलं, स्वतःच्या बाबतीत घडलं, तेवढंच सांगायचं. ‘लोक म्हणतात’ असं सुरू केलं की साक्ष तिथंच लुळी पडते.

बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानात, नवव्या अध्यायात, अशा साक्षीचा अगदी नमुना आहे. जन्मापासून आंधळा असलेल्या एका माणसाला येशूमुळे दिसू लागतं. दिवस शब्बाथाचा, म्हणजे कामाला बंदी असलेला, त्यामुळे धर्माचे जाणकार बिथरतात. त्या माणसाची उलटतपासणी होते, त्याच्या आईबापांना बोलावलं जातं. आईबाप घाबरून म्हणतात, तो वयात आलाय, त्यालाच विचारा. पुन्हा त्याला उभं करतात आणि सांगतात, तुला बरं करणारा माणूस पापी आहे. त्यावर तो म्हणतो, तो पापी आहे की नाही ते मला ठाऊक नाही. मला एवढंच कळतं, मी आंधळा होतो आणि आता मला दिसतंय. झालं. यापुढं त्याला कोण खोडणार? त्याला सभास्थानातून बाहेर काढतात, पण साक्ष मोडता येत नाही.

एवढं समजलं की बरंच समजलं. ख्रिस्ती माणसानं तोंडानं साक्ष द्यायची म्हणजे स्वतःच्या आयुष्यात देवानं काय केलं ते सांगायचं. दुसऱ्याच्या धर्मातल्या उणिवा काढायला लागलं की साक्षीदाराचा वकील होतो, तोही फी न घेता भांडणारा. मी असल्या ‘साक्षी’ खूप ऐकल्यात. आणखी एक प्रकार आहे, त्याचाही मला कंटाळा आहे: प्लॉट मिळाला, मुलाला कॅनडाचा व्हिसा लागला, गाडीची किल्ली हातात आली. देवाचे आभार मानावेत, जरूर मानावेत. पण ज्यांचा व्हिसा नाकारला गेला ते मागच्या बाकावर बसलेले असतात, याचं भान असावं.

नवा करार, म्हणजे बायबलचा येशूपासूनचा भाग, मूळ ग्रीक भाषेत लिहिला गेला. त्यात साक्षीदाराला जो शब्द आहे, ‘मार्तुस’, त्यातूनच पुढं युरोपातल्या भाषांमध्ये ‘हुतात्मा’ या अर्थाचा शब्द तयार झाला. साक्षीदाराचा हुतात्मा कसा झाला, हे एका सरकारी पत्रातून कळतं. साधारण इसवी सन ११२ मध्ये प्लिनी नावाचा रोमन सुभेदार काळ्या समुद्राकाठच्या बिथुनिया प्रांतातून सम्राट त्राजानला लिहितो: इथं ख्रिस्ती म्हणवणाऱ्या लोकांचं काय करू? आपली पद्धतही तो कळवतो. पकडलेल्याला विचारायचं, तू ख्रिस्ती आहेस का? नाही म्हणाला तर सम्राटाच्या मूर्तीपुढं धूप आणि द्राक्षारस वाहायला लावायचा आणि ख्रिस्ताला शिव्या द्यायला लावायच्या. एवढं केलं की सोडून द्यायचं. तीनदा विचारूनही हो म्हणत राहिला तर देहदंड.

म्हणजे परीक्षा दोन्हीची होती, जिभेची आणि हाताची. ‘येशू प्रभू आहे’ ही तीन शब्दांची कबुली आज आम्ही रविवारी सहज म्हणून जातो. त्या काळी तिची किंमत मानेएवढी होती. म्हणून पौल हा येशूचा प्रेषित रोमच्या मंडळीला लिहितो की मुखानं कबूल कर आणि अंतःकरणात विश्वास ठेव, तेव्हा तो काही पाठांतर सांगत नव्हता.

त्याच पत्रात प्लिनीनं, बहुधा स्वतःच्या नकळत, दुसरी एक नोंद करून ठेवलीय. हे लोक ठरलेल्या दिवशी पहाटे जमतात, ख्रिस्ताला देव मानून स्तोत्र म्हणतात आणि शपथ घेतात. शपथ कसली? कट करण्याची नव्हे. चोरी करणार नाही, व्यभिचार करणार नाही, दिलेला शब्द मोडणार नाही, कुणी ठेव ठेवली असेल आणि परत मागितली तर नाकारणार नाही. आमच्यासारख्या पतसंस्थांच्या जिल्ह्यात ठेवीचं हे कलम वाचून कुणालाही दोन क्षण थांबायला होईल. विरोधकाच्या लेखणीतून आलेलं हे वर्णन मला फार महत्त्वाचं वाटतं. पहाटेचं गाणं आणि ठेव परत करणं, दोन्ही एकाच शपथेत.

आता अवघड भागाकडं येतो. यावर ख्रिस्ती लोक आपसातच शतकानुशतकं भांडलेत.

पौल इफिसच्या मंडळीला सांगतो: तुमचं तारण, म्हणजे पापातून सुटका, देवाच्या कृपेनं झालंय, विश्वासाच्या द्वारे, तुमच्या कर्मांमुळे नाही, म्हणून कुणी बढाई मारू नये. याकोब, बायबलमधलाच दुसरा पत्रलेखक, आपल्या पत्रात सांगतो: कृती नसलेला विश्वास मेलेला आहे. तो उदाहरणही रोखठोक देतो. बहीणभाऊ उघडे आहेत, पोटाला अन्न नाही, आणि तुम्ही त्यांना म्हणता, ‘सुखानं जा, ऊब घ्या, पोटभर जेवा’, पण देत काहीच नाही. तर उपयोग काय? वरवर पाहिलं तर दोघं समोरासमोर उभे. जर्मनीत प्रोटेस्टंट पंथाची सुरुवात करणाऱ्या मार्टिन लूथरला पौलाचं म्हणणं इतकं भावलं की नव्या कराराच्या भाषांतराला लिहिलेल्या १५२२ मधल्या प्रस्तावनेत त्यानं याकोबाच्या पत्राला चक्क पेंढ्याचं पत्र म्हटलं. कॅथलिक आणि प्रोटेस्टंट यांच्यातल्या वादाचं हे एक मोठं कारण. लूथरन महासंघ आणि रोमन कॅथलिक चर्च यांनी या मुद्द्यावर ऑग्सबुर्गमध्ये संयुक्त घोषणेवर सह्या केल्या त्या ३१ ऑक्टोबर १९९९ ला. जवळजवळ पावणेपाचशे वर्षं गेली.

मला हे माझ्या आईनं स्वयंपाकघरात समजावलं होतं, धर्मशास्त्राचा एकही शब्द न वापरता. कोमट दुधात चमचाभर विरजण घालून ती म्हणायची, "आता हात लावायचा न्हाई." ढवळून ढवळून दही होत नाही. तुम्ही रात्रभर जागलात, भांड्याला कितीही हलवलंत, तरी दूध ते दूधच. दही लागतं ते विरजणानं. हा झाला पौल. पण सकाळी झाकण काढल्यावर दूध तसंच पातळ दिसलं तर? तर विरजणात जीव नव्हता. हा झाला याकोब. विरजण घातलंय असं तुम्ही शपथेवर सांगाल, पण भांडं तिरकं केलं की खरं काय ते कळतं. पौल भांड्याकडं रात्री बघतोय, याकोब सकाळी.

आपल्याकडं ‘बोले तैसा चाले’ म्हणतात ते आणि हे एकच का, असं कुणी विचारेल. बरंचसं जवळचं आहे, पण थोडा फरक आहे. ‘बोले तैसा चाले’मध्ये नजर माणसाच्या सचोटीवर असते. ख्रिस्ती शिकवणीत आधी हे कबूल करायचं असतं की मी बोलतो तसा चालत नाही. माझ्याच्यानं होत नाही. आणि तरीही देवानं मला टाकलेलं नाही. म्हणून आमच्या उपासनेत गाण्याइतकंच पापकबुलीला स्थान असतं. चांगलं वागून देवाला खूश करायचं नाही, तर त्यानं आधीच जवळ घेतलंय म्हणून चांगलं वागायचं. कागदावर फरक बारीक वाटतो. जगताना फार मोठा आहे, कारण पहिल्यात भीती असते आणि दुसऱ्यात उपकाराची जाणीव.

कृतीलाही स्वतःची भाषा असते, हे कोल्हापूरकराला वेगळं शिकवावं लागत नाही. भाऊसिंगजी रोडवरचं गंगाराम कांबळेंचं हॉटेल आठवा. हौदाच्या पाण्यावरून मार खाल्लेल्या या माणसाला शाहू महाराजांनी हॉटेल काढायला मदत केली, आणि अस्पृश्याच्या हातचा चहा कोण पिणार म्हणून गिऱ्हाईक येईना, तेव्हा महाराजांचा खडखडा, म्हणजे घोडागाडी, त्याच्या दारात थांबायला लागला. महाराज चहा मागवायचे, स्वतः प्यायचे, सोबतच्या सरदारांनाही पाजायचे. त्या चहानं जे सांगितलं ते शंभर भाषणांनी सांगितलं नसतं. महाराज काही ख्रिस्ती नव्हते, आणि त्यांना कुठल्याही धर्माच्या खात्यात जमा करायचा माझा विचार नाही. पण येशू जेवायला कुणाकडं बसायचा हे कळायला तो चहा फार उपयोगी पडतो.

येशूवरचा कायमचा आक्षेप हाच होता: हा जकातदार आणि पापी लोकांच्या पंक्तीला बसतो. तेव्हाचे जकातदार म्हणजे रोमन सरकारसाठी आपल्याच लोकांकडून वसुली करणारे, वर स्वतःचा खिसा भरणारे. यरीहो गावातला जक्कय हा त्यांचा मुख्य. ठेंगणा, त्यामुळे गर्दीत येशू दिसेना म्हणून झाडावर चढून बसला. मराठी बायबलात ते झाड उंबराचं आहे. नरसोबाच्या वाडीला जाऊन आलेल्या माणसाला औदुंबर म्हटलं की जे डोळ्यांपुढं येतं, ते मलाही प्रत्येक वेळी येतं, त्याला इलाज नाही. येशू खाली थांबतो आणि म्हणतो, लवकर उतर, आज मला तुझ्या घरी उतरायचंय. उपदेश नाही, ‘आधी सुधार’ नाही. घरी जेवायला येतो म्हणाला, बस्स. आणि मग जक्कय उभा राहून बोलतो: अर्धी मालमत्ता गरिबांना देतो, कुणाला फसवून घेतलं असेल तर चौपट परत करतो. पाहुण्याची कृती आधी आली, यजमानाचा शब्द मागून आला, आणि त्या शब्दाच्या पोटात पुन्हा कृती. बोलणं आणि करणं कुठं संपतं, कुठं सुरू होतं, हे वेगळं काढताच येत नाही. हिब्रू भाषेत तर ‘दाबार’ या एकाच शब्दाचे ‘शब्द’ आणि ‘गोष्ट, घटना’ असे दोन्ही अर्थ होतात.

आता आमच्या भागात हे कसं आलं, ते थोडक्यात. रॉयल गूल्ड वाईल्डर हे अमेरिकन मिशनरी १८५२ च्या डिसेंबरमध्ये कोल्हापुरात आले. शहरात त्यांच्या नावाचं चर्च आहे. त्यांचा मुलगा रॉबर्ट १८६३ मध्ये कोल्हापुरातच जन्मला. पुढं अमेरिकेत शिकताना, १८८६ मध्ये, विद्यार्थ्यांकडून परदेशी मिशनकार्याला जाण्याच्या प्रतिज्ञेवर सह्या घेण्याची चळवळ त्यानं उभी केली. पहिल्या उन्हाळ्यात शंभर जणांनी सही केली. काही दशकांत या चळवळीतून वीस हजारांवर माणसं जगभर गेली. त्याची बहीण ग्रेस परत कोल्हापूरलाच आली. कोरड्या कागदावरची सही हीसुद्धा बोललेला शब्दच, पण तो पाळायला बोटीत बसावं लागतं.

मिरजेत डॉ. विल्यम वानलेस यांचा दवाखाना १८९४ चा. मूळचे कॅनडाचे हे सर्जन १८८९ मध्ये भारतात आले. मोतीबिंदू काढून घ्यायला लांबलांबून माणसं मिरजेला यायची. शस्त्रक्रिया, वैद्यकीय शाळा, कुष्ठरोग्यांसाठी आश्रम, क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम. सांगली-मिरज दरम्यानचं वानलेसवाडी हे नाव तिथूनच. आंधळा होतो, आता दिसतंय, हे वाक्य मिरजेत किती जणांनी अगदी शब्दशः म्हटलं असेल, याचा मी कधीकधी विचार करतो. त्यातले बहुतेक जण जसे आले तसेच, आपापल्या देवाला हात जोडत घरी गेले. डोळे मात्र दोन्हीकडं सारखेच उघडले.

इथंच तो प्रश्न येतो. चांगला मित्र असेल तर तो थेट विचारतो, नसेल तर पाठीमागं बोलतो: ही सेवा धर्म बदलायला लावण्यासाठीच ना? प्रश्नावर रागवायचं कारण नाही. मदतीला अट चिकटवणारे लोक झालेत आणि असतात. माझं मत विचाराल तर सगळ्या विषयाची गाठ याच जागी आहे. बोलणं मोठं की करणं मोठं हा वाद दुय्यम. मदतीला अट लागली की तिची साक्ष संपली आणि सौदा सुरू झाला.

२०१९ च्या ऑगस्टमधली गोष्ट सांगतो. राजाराम बंधाऱ्यावर ४३ फुटांना धोका पातळी. पाणी ५५ फुटांच्या वर गेलेलं. हायवे बंद, पेट्रोल नाही, नळाला पाणी नाही. पंचगंगेनं शहराला जणू कवेत घेतलं होतं. एका शाळेतल्या निवारा केंद्रात आमच्या मंडळीच्या बायका भाकऱ्या थापत होत्या. मी पिठल्याचं पातेलं उचलण्यापुरता. चिखलीकडून आलेल्या एक आजी भिंतीला टेकून बसलेल्या. भाकरी हातात दिली तशी म्हणाल्या, "कुठल्या मंडळाची रं पोरं तुमी?"

"मंडळाची न्हाई आजी, मंडळीची," मी म्हणालो.

"एकच की," म्हणाल्या आणि भाकरी मोडली.

आमच्यातल्या एका तरुणाच्या डोक्यात आलं की उद्याच्या पाकिटांत एकेक पत्रिका घालावी, बायबलमधल्या वचनांची. हेतू वाईट नव्हता. त्याला खरंच वाटत होतं की यापेक्षा चांगलं आपल्याकडं द्यायला काही नाही. भाकरी थापणाऱ्या एका मावशीनं तव्यावरून नजर न काढता त्याला विचारलं, "भुकेल्या माणसाला नको म्हणता येतंय का रे?" तो म्हणाला, "नाही." "मग ज्याला नको म्हणता येत न्हाई त्याला इचारू नये." पत्रिका पिशवीतच राहिल्या.

रात्री त्या आजींनी स्वतःच मावशीला हाक मारली. म्हैस गोठ्यात राहिली होती. दावं सोडलं होतं, पण पुढं काय झालं ते कळायला मार्ग नव्हता. "तुमच्यात डोळं मिटून काय म्हणता नव्हं, ते माझ्या म्हशीसाठी म्हणा की." मावशी पिठाचे हात पदराला पुसत खाली बसल्या आणि त्यांनी म्हशीसाठी प्रार्थना केली. म्हशीचं नाव विचारून घेतलं होतं. चंद्री. मी इतक्या वर्षांत अनेक लांबलचक प्रार्थना ऐकल्या. लक्षात राहिली ती ही. चंद्रीचं पुढं काय झालं मला कळलं नाही. आजी चौथ्या दिवशी लेकीकडं गेल्या.

बायबलमधल्या पेत्राच्या पत्रात एक वाक्य आहे: तुमच्या आशेविषयी जो विचारेल त्याला उत्तर द्यायला तयार राहा, पण ते सौम्यपणे आणि आदरानं द्या. ‘जो विचारेल त्याला’ हे शब्द त्या रात्री मला पहिल्यांदा नीट वाचता आले. आधी असं जगायचं की कुणाला विचारावंसं वाटेल. विचारल्यावर मात्र लाजायचं नाही, शब्द गिळायचे नाहीत. कारण नुसती कृतीही मुकीच. भाकरी देणारा कोण, का देतो, हे कधीच सांगितलं नाही तर लोक देणाऱ्यालाच देवमाणूस ठरवतात आणि देणाऱ्यालाही ते हळूहळू आवडायला लागतं.

याच संदर्भात संत फ्रान्सिसच्या नावावर एक वाक्य व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतं: सदैव सुवार्ता सांगा, गरज पडली तर शब्द वापरा. वाक्य छान आहे, पण त्यांच्या लिखाणात ते कुठंच सापडत नाही. १२२१ च्या त्यांच्या नियमावलीत ‘सर्व बंधूंनी आपल्या कृतीतून उपदेश करावा’ अशा अर्थाचं कलम जरूर आहे. पण स्वतः फ्रान्सिस गावोगाव तोंडानं उपदेश करत हिंडलेले. बोलायचा संकोच वाटणारे आमच्यासारखे लोक त्या बनावट वाक्याआड सोयीनं लपतात, एवढंच.

कायदा काय म्हणतो, तेही बघू, कारण आजकाल हे विचारलं जातंच. संविधानाच्या अनुच्छेद २५ मध्ये धर्म मुक्तपणे प्रकट करण्याचा, आचरण्याचा आणि त्याचा प्रसार करण्याचा हक्क सगळ्यांना आहे. सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या मर्यादेत. क्रियापदं बघा: प्रकट करणं, आचरणं, प्रसार. तोंड आणि हात दोन्ही आले. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं मध्य प्रदेश आणि ओरिसाच्या कायद्यांवर निकाल देताना स्पष्ट केलं की प्रसार म्हणजे आपल्या धर्माची तत्त्वं समजावून सांगणं. दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क त्यात येत नाही. साक्षीदार आणि वकील यांतला फरक ज्याला कळला त्याला यात अडचण वाटू नये. समोरच्याचं मन बदलणं हे साक्षीदाराचं काम कधी नव्हतंच.

आणखी एक निकाल मला आवडतो, १९८६ चा. केरळमधली तीन भावंडं, यहोवाज विटनेसेस पंथाची. शाळेत राष्ट्रगीताला ती अदबीनं उभी राहायची, पण गात नसत. आपल्या श्रद्धेत ते बसत नाही म्हणून. शाळेतून त्यांना काढलं. सर्वोच्च न्यायालयानं परत घ्यायला लावलं. उभं राहणं हा आदर, न गाणं ही श्रद्धा. गप्प राहणं हीसुद्धा अभिव्यक्तीच, असं न्यायालयानं मानलं. माझा पंथ तो नाही आणि मी राष्ट्रगीत मोठ्यानं गातो. पण न बोलणंही साक्ष असू शकतं, हे त्या पोरांनी दाखवलं.

आता आमचं स्थानिक दुखणं: फ्लेक्स. कोल्हापुरात वाढदिवसाचा फ्लेक्स लागला नाही तर माणूस वर्षानं मोठाच होत नाही. ही हौस आमच्यातही शिरलीय. पाच किलो तांदूळ देताना सात जण पिशवीला हात लावून फोटोत. येशू एकदा म्हणतो, तुमचा प्रकाश लोकांपुढं असा पडू द्या की त्यांनी तुमची सत्कृत्यं बघावीत. आणि त्याच डोंगरावरच्या प्रवचनात पुढं म्हणतो, दान करताना तुझा उजवा हात काय करतोय ते डाव्याला कळू देऊ नको. मग दाखवायचं की लपवायचं? माझी समजूत अशी: पहिल्या वाक्याचा शेवट बघा. लोकांनी कृत्यं पाहून स्वर्गातल्या पित्याचं गौरव करावं, असा तो आहे. कंदिलाच्या उजेडात बाकीच्या वस्तू दिसतात. कंदिलाकडंच बघत बसलं तर डोळे दिपतात. आणि घेणाऱ्याचा चेहरा फोटोत असेल तर तो तांदूळ त्यानं किंमत मोजून घेतलाय, फुकट नाही.

परक्याला भाकरी देणं तसं सोपं असतं, हे मला उशिरा कळलं. पुरातल्या त्या दिवसांत माझं माझ्या थोरल्या भावाशी बोलणं बंद होतं. वडिलांच्या घराच्या हिश्श्यावरून. चार वर्षं. प्रार्थनासभेत मी उभा राहून शेजाऱ्यावर प्रीती करा म्हणायचो आणि घरी येताना बावड्याचा रस्ता टाळायचो, कारण तो कसबा बावड्यात राहतो. हिश्श्याचं अजूनही मिटलेलं नाही, हे आधीच सांगून टाकतो.

पूर ओसरल्यावरचा प्रभुभोजनाचा रविवार, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकरी आणि द्राक्षारस सगळ्यांनी वाटून घ्यायचा. पाळकसाहेबांनी नेहमीप्रमाणं आधी वचन वाचलं, प्रत्येकानं स्वतःची परीक्षा करावी म्हणून. मग मत्तयाच्या शुभवर्तमानातलं दुसरं वाचलं: वेदीजवळ अर्पण आणल्यावर आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविषयी काही आहे, तर अर्पण तिथंच ठेव, आधी जाऊन समेट कर, मग ये. भाकरीची थाळी माझ्या रांगेत आली. मी ती पुढं दिली. छोट्या पेल्यांचा ट्रेही पुढं दिला. शेजारी बसलेल्यानं बघितलं, बोलला नाही.

तिथून तडक बावड्याला. दार वहिनींनी उघडलं आणि बाजूला झाल्या. दादा टीव्ही बघत होता, मॅच चालू होती. आवाज कमी केला नाही.

"काय काम काढलंस?"

"काम न्हाई. माझं चुकलं, तेवढं सांगायला आलोय."

तो टीव्हीकडंच बघत राहिला. एक ओव्हर संपली.

"आज प्रभुभोजन हुतं न्हवं?"

"व्हय."

"घेतलंस?"

"न्हाई."

त्यानं रिमोट उचलून टीव्ही बंद केला. आतून स्टोव्हवर पातेलं ठेवल्याचा आवाज आला. दादा मान वळवून स्वयंपाकघराकडं बघत म्हणाला, "ह्याच्यात साखर घालू नको गं. ह्याला शुगर हाय."